जलालेखनातील आंतरराष्ट्रीय सहकार्य

समुद्राची खोली, तळावरचे खडक आणि वाळूचे दांडे, भरती-ओहोटी व प्रवाह मोजून त्यांचे नकाशे तयार करण्याच्या कामाला जलालेखन म्हणतात. किनाऱ्याचे मोजमाप त्या त्या देशाने करायचे, पण त्या पाण्यातून ये-जा जगभरच्या जहाजांची. त्यामुळे हे काम एकेकट्या देशापुरते राहूच शकत नाही.

पूर्वी प्रत्येक सागरी राष्ट्र आपापल्या पद्धतीने चार्ट, म्हणजे सागरी नकाशे, काढी. कोणी खोली फुटांत व वावांत (एक वाव म्हणजे सहा फूट) देई, कोणी मीटरांत. खोली कोणत्या ओहोटीच्या पातळीपासून मोजायची याचेही एकमत नव्हते. परक्या चार्टवरचा ‘८’ म्हणजे नेमके किती पाणी, हे खलाशाला आधी समजून घ्यावे लागे. हा गोंधळ निस्तरण्यासाठी १९१९ मध्ये लंडनला परिषद भरली आणि २१ जून १९२१ रोजी मोनॅकोत आंतरराष्ट्रीय जलालेखन कार्यालय सुरू झाले. मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर स्वतः समुद्रसंशोधक होता. जगातील महासागरांच्या खोलीचा एकत्रित नकाशा, म्हणजे ‘गेब्को’, हा उपक्रम १९०३ मध्ये त्याच्याच पुढाकाराने सुरू झाला होता. १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय करार अमलात आल्यावर कार्यालयाचे नाव आंतरराष्ट्रीय जलालेखन संघटना (आयएचओ) झाले.

संघटनेची भूमिका सल्लागाराची आहे. तिला कोणावर सक्ती करता येत नाही. तरीही तिची मानके बहुतेक देश पाळतात. सर्वेक्षण किती अचूक हवे हे ‘एस-४४’ सांगते, तर ‘एस-५७’ आणि तिच्या जागी येणारी ‘एस-१००’ ही मानके इलेक्ट्रॉनिक चार्टची घडण ठरवतात. कायद्याचे बळ मिळते ते ‘सोलास’ या सागरी सुरक्षा करारातून. त्याच्या पाचव्या प्रकरणानुसार सर्वेक्षण करणे, चार्ट छापणे आणि ते अद्ययावत ठेवणे ही सरकारांची जबाबदारी आहे.

रोजच्या धोक्यांसाठी जगातील समुद्र २१ ‘नॅव्हएरियां’त, म्हणजे सूचना-विभागांत, वाटले आहेत. विझलेला दीप, भरकटलेला बोया, नौदलाचा गोळीबाराचा सराव अशा सूचना त्या भागाचा समन्वयक देश उपग्रहामार्फत सर्व जहाजांना पाठवतो, मग जहाजावर झेंडा कोणाचाही असो.

चार्ट छापलेला आहे म्हणजे मोजमाप ताजे आहे, असे मात्र नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये ‘क्वीन एलिझाबेथ २’ हे प्रवासी जहाज अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्याजवळ चार्टवर नसलेल्या खडकांवर घासले. तिथले सर्वेक्षण १९३९ चे होते. जानेवारी २००५ मध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही अमेरिकी पाणबुडी ग्वामच्या दक्षिणेला समुद्रातील डोंगरावर आदळली आणि एक नौसैनिक मरण पावला.

खोल समुद्राची स्थिती याहून वाईट आहे. उपग्रह समुद्रपृष्ठाच्या सूक्ष्म चढउतारांवरून तळाचा अंदाज देतात, पण त्यात काही किलोमीटरांहून लहान गोष्टी सुटतात. खरी खोली कळते ती जहाजाखालून ध्वनिलहरींचा पंखा सोडणाऱ्या मल्टिबीम सोनारने. जपानची निप्पॉन फाउंडेशन ही संस्था आणि गेब्को यांनी २०१७ मध्ये साऱ्या समुद्रतळाचा नकाशा करण्याचा ‘सीबेड २०३०’ प्रकल्प हाती घेतला, तेव्हा अशा पद्धतीने मोजलेला तळ सुमारे ६ टक्के होता. २०२५ च्या मध्यापर्यंत तो सुमारे २७ टक्क्यांवर गेला. या वाढीतला बराचसा भाग नव्या मोहिमांचा नव्हे, तर कपाटात पडून असलेली जुनी मोजमापे खुली झाल्याचा आहे. मालवाहू जहाजे, मासेमारी नौका आणि शिडाच्या होड्यांनाही जाता जाता घेतलेली खोली पाठवता येते. अडते ते लष्करी गुप्ततेपाशी: पाणबुड्यांच्या वाटा उघड होतील या धास्तीने काही देश आपल्या पाण्याची माहिती देत नाहीत.

आकड्यांवर जमलेले एकमत नावांवर मात्र फिसकटते. समुद्रांच्या सीमा आणि नावे सांगणाऱ्या ‘एस-२३’ या प्रकाशनाची तिसरी आवृत्ती १९५३ ची. ‘जपानचा समुद्र’ की ‘पूर्व समुद्र’ या जपान व कोरियातील वादामुळे पुढची आवृत्ती दशकानुदशके रखडली. अखेर २०२० मध्ये तोडगा निघाला, तो असा की नव्या डिजिटल संचात समुद्रांना नावांऐवजी क्रमांक द्यायचे.