टेक्ससमध्ये ‘मिनिमम’ इन्शुरन्स घेतला म्हणजे आपली गाडीही कव्हर झाली का?

नवीन आलेल्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतच असतो: "स्टेटने सांगितलेला इन्शुरन्स घेतला की बास, ॲक्सिडेंट झाला तर सगळं कंपनी बघते." तसं नाहीये. वाटणं साहजिक आहे म्हणा, कायद्याने सक्तीचं आहे म्हणजे पुरेसं असणारच असं कोणालाही वाटेल.

टेक्ससचं मिनिमम आहे 30/60/25. म्हणजे चूक तुमची असेल तर समोरच्या एका जखमी माणसासाठी 30,000 डॉलरपर्यंत, एका ॲक्सिडेंटमधल्या सगळ्या जखमींसाठी मिळून 60,000, आणि त्यांच्या गाडीच्या वगैरे नुकसानीसाठी 25,000. हे सगळं समोरच्याचं, आपल्याकडच्या थर्ड पार्टीसारखंच, तुमच्या बंपरला यातून एक डॉलरही नाही. आणि समजा समोरच्याचा 40,000 चा पिकअप पार निकामी झाला तर वरचे 15,000 तुमच्याकडेच मागणार.

चेक करायला दोन मिनिटं लागतात, पॉलिसीचं डेक्लरेशन पेज (कव्हर आणि प्रीमियमची यादी असलेलं पान) उघडा आणि ‘कोलिजन’ (धडकेत तुमच्या गाडीचं झालेलं नुकसान) आणि ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ (चोरी, गारपीट वगैरे) या ओळींसमोर प्रीमियमचा आकडा आहे का बघा, नसेल तर तुमची स्वतःची गाडी कव्हर नाही (गारपिटीतसुद्धा नाही!). तिथेच ‘पीआयपी’ (चूक कोणाचीही असली तरी तुमच्या आणि गाडीतल्या लोकांच्या उपचाराचा खर्च देणारं कव्हर) पण शोधा, ते लेखी नकार दिला तरच काढता येतं, त्यामुळे घाईत कुठे सही केली होती का ते आठवून बघा.