ब्लॉकेज किती, आणि प्लाक कसा?

स्ट्रोक येऊन गेला की घरचे पहिल्यांदा हेच विचारतात, "मानेच्या धमनीत ब्लॉकेज किती टक्के?" चाळीस ऐकलं की जीव भांड्यात पडतो. पण तो आकडा सांगतो फक्त रक्ताची वाट किती अरुंद झाली ते. भिंतीतला प्लाक, म्हणजे तिथे साचलेला चरबीचा थर, निवांत बसलाय की फुटायच्या बेतात आहे, ही चौकशी वेगळी. बोलताना दोन्हींना 'ब्लॉकेज'च म्हणतात, तिथेच घोळ होतो.

टक्केवारी निघते कशी? डॉपलरमध्ये, म्हणजे धमनीच्या सोनोग्राफीत, मुख्यतः रक्ताचा वेग मोजतात. पाइपचं तोंड बोटाने दाबलं की पाणी जोरात उडतं, तसंच हे. वेग सेकंदाला २३० सेंटिमीटरच्या वर गेला तर धमनी ७० टक्के किंवा जास्त अरुंद, असा ठोकताळा आहे. अँजिओग्राफीत आतली पोकळी दिसते, पण तिथेही दोन हिशेब. एकात अरुंद जागेची तुलना पुढच्या निरोगी धमनीशी, दुसऱ्यात त्याच जागी मूळ धमनी केवढी असेल या अंदाजाशी. पहिल्या हिशेबातले ७० म्हणजे दुसऱ्यात साधारण ८२! दोन रिपोर्ट शेजारी ठेवून भांडण्याआधी हे बघावं.

तरी हा आकडा फोल नाही. १९९१ च्या 'नॅसेट' या वैद्यकीय अभ्यासात, नुकताच छोटा किंवा तात्पुरता झटका येऊन गेलेल्या ७० ते ९९ टक्के अरुंद धमनीच्या रुग्णांना दोन वर्षांत त्याच बाजूचा स्ट्रोक येण्याचं प्रमाण नुसत्या औषधांवर २६ टक्के होतं, धमनीतला प्लाक काढण्याच्या शस्त्रक्रियेने ते ९ वर आलं. ऑपरेशनचा निर्णय आजही बराचसा यावरच होतो.

आता प्लाक. धमनीच्या भिंतीचा एमआरआय करताना वाहतं रक्त मुद्दाम काळं दाखवतात, म्हणजे भिंत उठून दिसते. आत चरबीचा मऊ गाभा, वर तंतूंचं झाकण. झाकण पातळ होऊन फाटलं की आतला ऐवज रक्ताला लागतो, गुठळी धरते आणि तिचा तुकडा मेंदूकडे जातो. रेडिओलॉजिस्टची नजर विशेषतः एका पांढऱ्या चमकत्या ठिपक्यावर असते: प्लाकच्या आत झालेला रक्तस्राव. स्ट्रोक येऊन गेलेल्या माणसात तो दिसला तर पुन्हा स्ट्रोक येण्याचा धोका कैक पटींनी जास्त, ब्लॉकेज पन्नासच्या खाली असलं तरी. कारण प्लाक वाढताना धमनी आधी बाहेरच्या अंगाने फुगते, आतली वाट बराच काळ तशीच राहते. म्हणून डॉपलर 'किरकोळ' म्हणतो, आणि हृदयात वगैरे दुसरं कारण सापडत नाही. अशा वेळी न्यूरॉलॉजिस्टकडे भिंतीच्या एमआरआयचा विषय जरूर काढावा, तोही लवकर, कारण दुसऱ्या झटक्याची भीती पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असते.

'कॅल्सिफाइड' शब्द वाचून मात्र लोक उगाच धसका घेतात. कॅल्शियम धरलेला टणक प्लाक मऊ प्लाकपेक्षा सहसा कमी उपद्रवी.

स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीच्या, बाबतीत तर हा घोळ महागात पडतो. वर्षभर गोळी घेऊन डॉपलर केला, टक्केवारी होती तेवढीच, म्हणून कोणीतरी परस्पर गोळी बंद करतो. भिंतीच्या एमआरआयमध्ये त्याच प्लाकचा चरबीचा गाभा आक्रसलेला दिसू शकला असता.