टॅपेट कव्हरचा आरसा आणि कोकणातली खारी हवा

रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, किनाऱ्यालगतच्या कुठल्याही गावात गाडी दोन-तीन पावसाळे उभी राहिली की बॉनेट उघडल्यावर एक गोष्ट हमखास दिसते. इंजिनचे अ‍ॅल्युमिनियमचे भाग करडे पडलेले, बोल्टच्या आजूबाजूला पांढरी भुकटी, हात फिरवला तर खरखरीत. लोखंड गंजतं हे सगळ्यांना माहिती असतं, पण अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही असं आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं, मग हे काय झालं? आणि गंमत म्हणजे हाच खरखरीत भाग पडवीत बसून नीट घासला तर त्यात आपलं तोंड दिसेल इतका चकचकीत करता येतो. कसा ते सांगतोच, पण त्याआधी चमक म्हणजे नक्की काय ते समजून घेऊ, कारण बहुतेकांची मेहनत फुकट जाते ती इथेच.

अ‍ॅल्युमिनियमवर पडलेल्या डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशातला साधारण ९० टक्के प्रकाश परत फिरतो. मोठ्या दुर्बिणींच्या आरशांवरसुद्धा अ‍ॅल्युमिनियमच असतं, कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या २०० इंची आरशाच्या काचेवर त्याचाच पातळ थर आहे, आणि असा थर साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा असतो. म्हणजे धातू तोच, मग दुर्बिणीत आरसा आणि आपल्या टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणावर, करडेपणा का? तर फरक पृष्ठभागाच्या आकारात आहे. खाडीचं पाणी स्थिर असलं की त्यात काठावरचे माड स्वच्छ दिसतात आणि वारा सुटून लहरी उठल्या की तेच माड मोडून जातात, पाणी तेवढंच असतं, प्रकाशही तेवढाच परत येतो, फक्त तो दहा दिशांना पांगतो. धातूचंही हेच होतं. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते, आणि पृष्ठभागावरचे उंचवटे-खड्डे याच्या बरेच खाली, ढोबळमानाने शंभरेक नॅनोमीटरच्या आत आले की प्रकाशाला ते जवळजवळ जाणवतच नाहीत आणि आरसा दिसायला लागतो.

म्हणून काहीतरी चोळलं आणि चमक आली असं अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत होत नाही. आपल्याकडे पितळेची भांडी, समया चिंचेने, आमसुलाने नाहीतर बिंबल्याने घासतात आणि ती लख्ख निघतात, कारण तांब्या-पितळेवरचा काळा थर आम्लात विरघळतो आणि खालचं भांडं मुळात गुळगुळीतच असतं. अ‍ॅल्युमिनियमवरचा थरसुद्धा आम्लात विरघळतो, चिंचेचं सार शिजवल्यावर अ‍ॅल्युमिनियमचं काळं पडलेलं पातेलं आतून उजळतं ते त्यामुळेच. पण ओतीव भागाचा पृष्ठभाग मुळातच खडबडीत असतो, त्याला चिंच लावली तर स्वच्छ खडबडीत पृष्ठभाग मिळेल, एवढंच. कॉस्टिक सोडा, नळ मोकळे करायची पावडर असलं काही तर अजिबात लावू नका. अ‍ॅल्युमिनियम आम्लात विरघळतं तसं अल्कलीतही विरघळतं आणि सोड्यात ते इतक्या जोरात विरघळतं की भरपूर हायड्रोजन सुटतो, तो पेट घेऊ शकतो, आणि वर धातू खरवडल्यासारखा होऊन बसतो.

मग उरतं ते घासणं. इथे पॉलिश पेपरच्या नंबराचा हिशोब डोक्यात बसला की सगळं सोपं जातं. ४०० नंबरच्या वॉटर पेपरवरचा (पाणी लावून घासायच्या पॉलिश पेपरवरचा) कण साधारण ३५ मायक्रॉनचा असतो, १००० नंबरचा १८ चा, २००० नंबरचा १० चा. एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर, म्हणजे २००० नंबरच्या पेपरचा कणसुद्धा प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पंधरा-वीस पट मोठा. कण अख्खा धातूत घुसत नाही, त्याचं फक्त टोक ओरखडा काढतं, म्हणून २००० नंतर धातू मऊ, रेशमी दिसायला लागतो, समोरच्या माणसाची आकृती कळते पण चेहरा कळत नाही. तिथून पुढचं काम पॉलिशच्या पेस्टचं, ज्यातले कण मायक्रॉन-दोन मायक्रॉनचे किंवा त्याहून बारीक असतात.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते पेपर गाळण्यात. २२० ने घासलं, कंटाळा आला, सरळ १००० घेतला. आता २२० ने जो खोल चर पाडला तो घालवायचा म्हणजे त्या चराच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा धातू खाली आणायला लागतो, आणि १००० चा बारीक कण तेवढा धातू कापायला तासन् तास घेईल. आणि तसंच पुढे जाऊन पेस्ट लावली तर पेस्ट चराच्या कडा आणि तळही चकाकवते, मग तो चर लपायच्या ऐवजी उन्हात आणखी उठून दिसतो. म्हणून २२०, ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५००, २००० असं पायरी-पायरीने जायचं आणि प्रत्येक नव्या पेपरला घासायची दिशा काटकोनात बदलायची. आधीच्या पेपरच्या सगळ्या रेषा आडव्या, आताच्या उभ्या, त्यामुळे एकही आडवी रेष शिल्लक असली की लगेच कळतं, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत पुढचा पेपर हातात घ्यायचा नाही. इतकी साधी युक्ती आहे पण माझ्या मते सगळ्या कामातली सर्वात मोलाची हीच, महागडं मशीन नसलं तरी चालेल पण ही शिस्त नसली तर काही खरं नाही.

अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्यामुळे त्याचा चुरा पेपरच्या कणांमध्ये भरतो आणि भरलेला पेपर कापायचं सोडून ओरबाडायला लागतो. म्हणून ओलं घासायचं, पाण्यात लिक्विड सोपचे चार थेंब टाकून, आणि पेपर सारखा धुवत राहायचा. जुने मेस्त्री रॉकेल वापरायचे, तेही छान चालतं, फक्त ते हातानेच घासताना, मशीन आणि विडी-सिगारेटपासून लांब.

पेस्टमध्ये काय घडतं यावर शास्त्रज्ञांचा बराच काळ वाद होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज बील्बी नावाच्या ब्रिटिश संशोधकाने मांडलं की पॉलिश करताना धातूचा वरचा थर द्रवासारखा वाहतो आणि खड्डे भरून टाकतो, आणि हे बरीच वर्षं पुस्तकांत होतं. पुढे ऑस्ट्रेलियातल्या लेनर्ड सॅम्युअल्सने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दाखवलं की पॉलिश म्हणजेसुद्धा कापणंच असतं, फक्त इतकं बारीक की ओरखडे प्रकाशाला दिसत नाहीत. कापडी बफ, म्हणजे पॉलिश करायचं मशीनवरचं कापडाचं चाक, जोरात दाबला की मऊ धातू थोडा सरकतो आणि चोपला जातो हेही होतं, पण त्याच्या भरवशावर मोठे चर बुजत नाहीत.

पॉलिश करताना फडकं काळंकुट्ट होतं आणि लोकांना वाटतं अजून मळ निघतोय. तो मळ नसतो, तो अ‍ॅल्युमिनियमचाच इतका बारीक चुरा असतो की प्रकाश त्यात अडकून काळा दिसतो. शंभर वेळा पुसलं तरी पेस्ट लावली की फडकं परत काळं होणार, त्यामुळे थांबायचं कधी ते भागाकडे बघून ठरवा. शेवटचा हात मात्र स्वच्छ मलमलने, पेस्ट न घेता.

आता यातली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. धातूच्या पॉलिशच्या बऱ्याच पेस्टमध्ये घासायचं काम अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड करतं. सुऱ्या-कोयत्यांना धार लावायचा कुरुंद म्हणजे तेच. आपल्या सड्यावर जांभ्याबरोबर जे बॉक्साइट सापडतं, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात त्याचे साठे आहेत, त्यात अ‍ॅल्युमिनियम ऑक्सिजनला धरूनच बसलेलं असतं, आणि ते स्वच्छ केलं की हेच ऑक्साइड मिळतं. या दोघांना सोडवणं इतकं अवघड की १८८६ मध्ये हॉल आणि एरू यांनी, एकाने अमेरिकेत आणि एकाने फ्रान्समध्ये, विजेची पद्धत शोधेपर्यंत अ‍ॅल्युमिनियम फार महाग होतं, आणि आजही एक किलो धातू काढायला साधारण १३ ते १५ युनिट वीज लागते. इतकी ओढ असल्यामुळे आपण घासून उघडा पाडलेला धातू हवेतला ऑक्सिजन क्षणात ओढून घेतो आणि दोन ते चार नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर तयार होतो. हा थर पारदर्शक, आणि प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याइतका, म्हणून आरसा तसाच दिसत राहतो. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही म्हणतात ते याच्या जिवावर.

किनाऱ्यावर मात्र या थराला मिठातलं क्लोराइड भेटतं. लाटा फुटताना उडालेले बारीक खारे थेंब वाऱ्याबरोबर आत येतात, सुकतात आणि मीठ धातूवर बसतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःहून पाणी ओढून ओलं होतं आणि पावसाळ्यात कोकणात ती दिवसेंदिवस याच्या वर असते, म्हणजे गाडी शेडमध्ये असली, पावसाचा थेंब लागला नाही तरी इंजिनवर खारट पाण्याचा पापुद्रा असतोच. क्लोराइड ऑक्साइडचा थर जिथे कच्चा आहे तिथे फोडतं, आत खड्डा पडतो, खड्ड्यात आम्ल वाढतं आणि खड्डा खोल होत जातो, वर दिसते ती पांढरी भुकटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड. घाटावर जी चमक महिनोन् महिने टिकते ती इथे लवकर धुरकट होते ती अशी.

त्यात इंजिनचं अ‍ॅल्युमिनियम शुद्ध नसतं. डायकास्टिंगला, म्हणजे वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून भाग ओतायला, खूप वापरला जाणारा एडीसी १२ हा मिश्रधातू घ्या, त्यात सिलिकॉन १० ते १२ टक्क्यांच्या आसपास आणि तांबं दीड ते साडेतीन टक्के. सिलिकॉनमुळे धातू साच्यात छान वाहतो, पण त्याचे कठीण कण मऊ अ‍ॅल्युमिनियमबरोबर एकसारखे झिजत नाहीत आणि आरशाला किंचित निळसर-करडी छटा राहते. तांब्याभोवती तर खारट पाण्यात छोट्या-छोट्या बॅटऱ्याच तयार होतात आणि शेजारचं अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. शिवाय डायकास्टिंगची वरची साल घट्ट असते आणि आत वायूची बारीक छिद्रं असतात, फार खोल घासलं तर ती उघडी पडतात आणि मग कितीही पॉलिश करा, टोचल्यासारखे ठिपके दिसणारच. ठिपके दिसायला लागले की खोल जाणं थांबवायचं.

काम सुरू करायच्या आधी चुंबक लावून बघा, चिकटलं तर ते लोखंड आहे. काही कव्हरं मॅग्नेशियमची असतात, आतल्या बाजूला कोपऱ्यात जरा खरवडून व्हिनेगरचा थेंब टाकला आणि फसफसून बुडबुडे आले तर मॅग्नेशियम समजा आणि तो भाग घरी घासूच नका, त्याचा चुरा भयंकर पेटतो. कोरड्या अ‍ॅल्युमिनियमच्या धुळीलाही हलक्यात घेऊ नका. २ ऑगस्ट २०१४ ला चीनमधल्या कुनशान इथे गाड्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात साठलेल्या धुळीचा स्फोट झाला आणि शंभराहून जास्त माणसं गेली. घरी एवढी धूळ होत नाही, पण ज्या ग्राइंडरवर लोखंड घासता त्यावर अ‍ॅल्युमिनियम घासू नका, गंजाची पूड आणि अ‍ॅल्युमिनियमची पूड एकत्र म्हणजे रेल्वेचे रूळ जोडायला वापरतात ते थर्माइट. चुकून पेटलंच तर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू टाकायची. मशीनवर बफ करत असाल तर चष्मा आणि मास्क हवाच, हातमोजा मात्र नको, बफ तो ओढून घेतो.

भाग इंजिनवरून काढूनच घासा. पेपरवरचे सिलिकॉन कार्बाइडचे कण तेलात गेले तर बेअरिंग खाऊन टाकतात आणि टॅपेट कव्हरच्या आतल्या कप्प्यांत ते लपून बसतात, म्हणून काम झाल्यावर गरम साबणाच्या पाण्याने, ब्रशने, परत परत धुवायचं, आणि आतला कप्पा नीट धुता येणार नाही असं वाटलं तर तो भाग आहे तसा राहू द्या, चमकेपेक्षा इंजिन मोठं. गॅस्केट (तेल गळू नये म्हणून मध्ये घालतात ती पट्टी) बसते ती जागा टेप लावून झाकायची, तिथे पेपर लागता कामा नये. तारेचा लोखंडी ब्रश आणि लोखंडी घासणी नकोच, त्यातले कण धातूत रुततात आणि पहिल्याच पावसात तांबडे डाग येतात.

चमकवल्यावर इंजिन जास्त तापेल का, असं बरेच जण विचारतात. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम किरणांवाटे खूपच कमी उष्णता सोडतं हे खरं आहे, पण पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात उष्णता मुख्यतः कूलंट आणि रेडिएटर नेतात, त्यामुळे कव्हरने फरक पडत नाही. हवेने थंड होणाऱ्या इंजिनावरच्या पातळ पात्यांना (फिन्सना) मात्र हात लावू नका.

टिकवायचं कसं, तर आरशावर क्लिअर लॅकर (पारदर्शक रंगाचा थर) मारायचा सल्ला सगळे देतात, मला तो किनाऱ्यावर पटत नाही. उष्णतेने लॅकर पिवळा पडतो, कुठेतरी चरा पडतो, तिथून खारट पाणी खाली शिरतं आणि लॅकरखाली धाग्यासारख्या रेषा पसरत जातात, मग सगळा लॅकर काढून पहिल्यापासून सुरुवात. गाडीच्या पॉलिशमध्ये असतं ते कार्नोबा मेण ८२ ते ८६ अंशांना वितळतं आणि इंजिनचं कूलंटच ९० च्या आसपास असतं, म्हणजे टॅपेट कव्हरवर मेण टिकणार नाही, थंड राहणाऱ्या ब्रॅकेटवर टिकेल. खरा उपाय मीठ बसू न देणं. इंजिन गार असताना गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायचं, लगेच कोरडं करायचं, आणि धुरकटपणा दिसला की पेस्टचा एक हलका हात, पेपर परत लागत नाही. बोल्ट बसवताना ते जाम होऊ नयेत म्हणून आट्यांना अँटी-सीझ ग्रीस लावा आणि तांब्या-पितळेचे वॉशर टाळा. मुंबईकरांची गाडी गावच्या घरी उभी राहत असेल तर एकदा मिरगाच्या आधी आणि एकदा गणपतीला आल्यावर एवढं केलं तरी बरंचसं मीठ निघून जातं.