वळणावर गाडी झुकते, म्हणून रॉड जाड करायचा?

चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट चढायला लागलं की गाडीचा खरा स्वभाव कळतो. धुळे-जळगाव महामार्गावर सरळ रेषेत कुठलीही गाडी गुणीच असते. घाटातल्या तीव्र वळणावर मात्र तीच बाहेरच्या अंगाला कलते, मागे बसलेले एकमेकांवर रेलतात आणि चालवणाऱ्याला वाटतं, पकड सुटतेय. मग गॅरेजमध्ये तक्रार जाते, "भाऊ, वळणवर गाडी गैरी झुकस." त्यावर हल्ली सर्रास मिळणारा सल्ला असा: कंपनीचा बॅलन्स रॉड काढा, बाहेरून जाड रॉड मागवा, बसवून टाका.

गाडी कमी झुकेल, यात शंका नाही. पकड वाढेल याची मात्र खात्री नाही. चुकीच्या टोकाला जाड रॉड बसवला, तर आधी होती तेवढीही पकड उरत नाही. झुकणं आणि घसरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रॉड निवडताना बहुतेकांची गल्लत इथेच होते.

हौशी मंडळी ज्याला स्वे बार किंवा अँटी-रोल बार म्हणतात आणि गाडीच्या पुस्तिकेत जो स्टॅबिलायझर बार असतो, तोच सुट्या भागांच्या दुकानातला बॅलन्स रॉड. दिसायला साधी गोष्ट: दोन्ही टोकं काटकोनात वळवलेली स्प्रिंग स्टीलची कांब. मधला भाग दोन रबरी बुशांमधून गाडीच्या सांगाड्याला धरलेला, आणि दोन्ही टोकं लिंक रॉडने डाव्या-उजव्या चाकाच्या सस्पेन्शनला जोडलेली. कल्पना जुनी आहे. कॅनडातल्या स्टीफन कोलमन यांना तिचं पेटंट १९१९ सालीच मिळालं होतं.

गावाजवळच्या गतिरोधकावर पुढची दोन्ही चाकं एकदम वर जातात, तेव्हा हा रॉड बुशात नुसता फिरतो, काहीच करत नाही. एकच चाक वर गेलं तर मात्र तो पिळला जातो आणि या पिळाला विरोध करतो. वळणावर बाहेरच्या बाजूची स्प्रिंग दबते, आतल्या बाजूची सैल होते. दोन चाकांच्या उंचीत असा फरक पडला की रॉड जागा होतो आणि तो फरक कमी करायला बघतो. गाडी सरळ उभी राहते ती त्यामुळे.

आता थोडं गणित. १२०० किलोची एक गाडी घ्या. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आहे आणि डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर आहे. ०.८ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट, इतक्या जोराने ती वळली, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार म्हणजे १२०० गुणिले ०.८ गुणिले ०.५ भागिले १.५. उत्तर ३२० किलो. सरळ जाताना दोन्ही बाजूंना ६००-६०० होते, आता बाहेर ९२० आणि आत २८०. या सूत्रात वजन आहे, उंची आहे, रुंदी आहे, वळणाचा जोर आहे. रॉडची जाडी कुठेच नाही. गाडी झुकल्यामुळे गुरुत्वमध्य किंचित बाहेर सरकतो खरा, पण तो हिशोब लहान आहे. आपला मनगटाएवढा रॉड असो की करंगळीएवढा, ३२० किलो सरकणार म्हणजे सरकणारच. कापसाने गच्च भरलेला ट्रक वळणावर एवढा भीतिदायक का दिसतो, तेही याच सूत्रात आहे: कापूस वजनाला हलका, पण माल उंच रचलेला.

मग रॉड काय करतो? ३२० पैकी किती भार पुढच्या दोन चाकांत सरकेल आणि किती मागच्या दोन चाकांत, हे तो ठरवतो. गाडीचा सांगाडा पुढून मागेपर्यंत एकच आहे. पुढचा रॉड ताठ केला की कलणारा सांगाडा पुढच्या बाजूला जास्त अडवला जातो आणि भाराच्या अदलाबदलीतला मोठा वाटा पुढची चाकं उचलतात. मागचा ताठ केला की मागची.

हा वाटा महत्त्वाचा ठरतो तो टायरच्या एका खोडीमुळे. टायरवर भार वाढवला की पकड वाढते, पण त्याच प्रमाणात वाढत नाही. समजा ३०० किलो भारावर एक टायर ३०० किलोइतकी बाजूची पकड देतो. अशा दोन टायरांची मिळून ६००. आता एकावरचा भार १५० किलोवर आणला आणि दुसऱ्यावरचा ४५० वर नेला, तर पहिला देईल साधारण १५७ आणि दुसरा ४२७. बेरीज ५८४. भार तेवढाच, पकड कमी. ज्या ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या पुढच्या किंवा मागच्या जोडीवर, भाराची उलथापालथ जास्त, त्या ॲक्सलची पकड आधी संपते. म्हणून पुढचा रॉड जाड केला की गाडीचं नाक वळणाबाहेर सरकायला लागतं, मागचा जाड केला की शेपूट बाहेर येतं. पहिल्याला अंडरस्टिअर, दुसऱ्याला ओव्हरस्टिअर म्हणतात.

रॉड विकत घ्यायच्या आधी विचारायचा प्रश्न त्यामुळे 'किती मिलीमीटर' हा नाही, 'कोणत्या टोकाला' हा आहे.

अमेरिकेतल्या शेवरोले कॉरव्हेअरची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९६० च्या मॉडेलची ही गाडी मागे इंजिन असलेली, म्हणजे शेपटाला जड. पुढे अँटी-रोल बार दिलेला नव्हता. त्याऐवजी कंपनीने पुढच्या टायरमध्ये १५ आणि मागच्या टायरमध्ये २६ पीएसआय हवा ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे पुढची पकड मुद्दाम कमी राहावी आणि शेपूट आधी सुटू नये. कागदावर ठीक. पण हवा भरणारा माणूस सवयीने चारही चाकांत सारखीच भरणार, हे कुणाच्या ध्यानात आलं नसेल का? ती गाडी अपघातांमुळे आणि खटल्यांमुळे गाजली. १९६४ च्या मॉडेलमध्ये पुढे बार आला, मागे एक आडवा पाटाही (पट्टीची स्प्रिंग) आला. कंपन्या आजही सामान्य गाड्या थोड्या अंडरस्टिअरच्या बाजूने झुकत्या ठेवतात. घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो, आणि नाक सरकत असताना पाय काढला तर गाडी बहुधा पुन्हा ओळीत येते. शेपूट सुटलेलं असताना पाय काढला तर ती आणखी फिरते.

आपल्याकडे अस्सल स्पोर्ट्स कार विरळाच. जळगाव-भुसावळकडची हौस जास्त करून जुनी पोलो जीटी, ऑक्टाव्हिया आरएस, आय२० एन लाइन असल्या गाड्यांवर भागते. या सगळ्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, नाकाला जड, आणि जोरात वळवल्या की नाक बाहेर नेणाऱ्या. अशा गाडीला पुढे जाड रॉड टाकणं म्हणजे दुखण्यात भर. शिवाय पुढचं आतलं चाक हलकं होऊन वळणातून बाहेर पडताना जागच्या जागी फिरतं. त्यामुळे जाणते लोक या गाड्यांना मागचा रॉड ताठ करतात. वळणात मागचं आतलं चाक जमिनीवरून उचललं गेलं तरी बिघडत नाही, कारण गाडी ओढणारं चाक ते नव्हे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हिशोब उलटतो: मागचा रॉड फार ताठ झाला की ताकद देणारं आतलंच चाक अधांतरी होतं.

एक व्यवहाराची गोष्ट. पोलोसारख्या गाडीच्या मागे ऑक्टाव्हिया आरएससारखी मल्टिलिंक रचना (प्रत्येक चाक वेगवेगळ्या दांड्यांनी स्वतंत्र धरलेलं) आणि वेगळा रॉड शोधू नका. तिथे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा बीमच पिळला जाऊन रॉडचं काम करतो. अशा गाडीसाठी मिळणारा 'रिअर बार' त्या बीमला बोल्टने बसवायचा जोड असतो. ऑर्डर देण्यापूर्वी गाडी जॅकवर घेऊन खालून बघा.

पाठ्यपुस्तकी नियमाला एक मोठा अपवादही आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच खांबात असलेली सस्पेन्शनची रचना) असलेली गाडी फार कलली की बाहेरचं पुढचं चाक वरच्या बाजूने बाहेर कलतं आणि टायर फक्त बाहेरच्या कडेवर चालतो. पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा झिजून गोल झाल्या असतील आणि मधली नक्षी शाबूत असेल, तर पुढचा रॉड थोडा ताठ करून पुढची पकड वाढूही शकते, कारण टायर सरळ उभा राहतो. स्प्रिंगा कापून गाडी 'लो' करणाऱ्यांना हे लवकर भोवतं. गाडी खाली आणली की स्ट्रटच्या रचनेत झुकण्याचा आस गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो, दोघांतलं अंतर वाढतं, आणि झुकवणारा जोर उलट वाढतो.

आता जाडी. भरीव रॉडचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो. २० मिमीचा २२ केला तर ताठपणा १.४६ पट, २५ केला तर २.४४ पट. दोन मिलीमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, चाकाला तसे वाटत नाहीत. पोकळ रॉड म्हणजे फसवणूक, असं समजू नका. २५ मिमी बाहेरचा व्यास आणि ४ मिमी जाडीची भिंत असलेला पोकळ रॉड भरीव रॉडच्या ७९ टक्के ताठ असतो आणि वजनाला ५४ टक्केच. पिळाचं काम मुख्यतः बाहेरचा थर करतो. 'खास स्टील'च्या जाहिरातीने मात्र भुलू नका. चांगलं स्टील रॉडचं आयुष्य वाढवतं, ताठपणात ते साध्या स्टीलपेक्षा जवळपास वेगळं नसतं.

माझं मत विचाराल तर पैसे जाडीवर घालू नयेत, भोकांवर घालावेत. ॲडजस्टेबल रॉडच्या टोकाला दोन-तीन भोकं असतात. लिंक आतल्या भोकात लावली की दांडीची, म्हणजे रॉडच्या वळवलेल्या टोकाची, कामाची लांबी कमी होते, आणि ताठपणा लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. २५० मिमीची दांडी २२५ झाली की तोच रॉड सुमारे २३ टक्के जास्त ताठ. अमेरिकेतल्या इंडीकार शर्यतीत चालक हे काम बसल्या जागी लिव्हरने करतात, कारण इंधन संपत जातं, टायर झिजतात आणि गाडीचा तोल शर्यतभर बदलत राहतो.

खान्देशात ताठ रॉडचा खरा शत्रू रस्ता आहे. तापीच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता सपाट राहत नाही. कडा खचतात, डावं चाक एका उंचीवर आणि उजवं दुसऱ्या. म्हणजे नेमकी रॉड पिळणारी परिस्थिती, तीही सरळ रस्त्यावर. एका चाकाखालचा खड्डा रॉड दुसऱ्या चाकापर्यंत पोचवतो, गाडी डाव्या-उजव्या अंगाला झटके देते, आणि वळणात खड्डा आला तर चाक जमिनीचा पाठलाग करू शकत नाही. यावल-रावेरच्या आतल्या रस्त्यांवर किंवा तोरणमाळच्या वाटेवर कंपनीचा मऊ रॉड ट्रॅकवरच्या जाड रॉडपेक्षा वेगवान ठरू शकतो. जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये तर पुढचा रॉड बटण दाबून सोडवायची सोय आहे, ती याचसाठी: खडबडीत जमिनीवर प्रत्येक चाक मोकळं हवं.

हे सगळं करण्याआधी जुने बुश आणि लिंक रॉड बघा. आपल्या उन्हात रबर कडक होतं, भेगा पडतात. रॉड बुशात सैल झाला की गाडी आधी मोकळी कलते आणि मग अडते. खराब रस्त्यावर पुढून टकटक आवाज येतो. 'जाड रॉड हवा' म्हणणाऱ्या बऱ्याच गाड्यांना प्रत्यक्षात नवे बुश हवे असतात. पॉलियुरेथेनचे बुश घेतलेत तर सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर करकर सुरू होईल. ॲडजस्टेबल लिंकची लांबी गाडी चाकांवर उभी असताना, चालकाच्या सीटवर माणूस बसवून जुळवा. नाहीतर सरळ जातानाच रॉड पिळलेला राहतो आणि गाडी डावीकडे एक, उजवीकडे दुसरं वागते.

फरक तपासायला घाट नको. परवानगी घेऊन एखाद्या मोकळ्या पक्क्या आवारात फक्कीने ४० मीटर व्यासाचं वर्तुळ आखा. ताशी ४५ किलोमीटरला तिथे ०.८ जी भरतं, त्यामुळे जिवावर उदार होण्याचं कारण नाही. वेग हळूहळू वाढवत न्या. रेषेवर राहायला स्टिअरिंग आणखी आणखी आत वळवावं लागतंय, की मागची बाजू बाहेर येऊ लागल्याने ते सोडावं लागतंय, एवढंच बघायचं. एका वेळी एकच बदल करा, आणि दर वेळी टायरची हवा तीच ठेवा. दोन-तीन पीएसआयचा फरक रॉडच्या एका भोकाइतका बोलतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांवर बंधनं घालतं, त्यामुळे आरटीओ आणि विमा कंपनी दोघांना आधी विचारलेलं बरं. आणि मागचा रॉड ताठ केला असेल तर पहिल्या पावसाआधी तो सर्वांत मऊ भोकात आणून ठेवा. ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेली ओली काळी माती कुठल्या वळणापलीकडे असेल, ते आधी दिसत नाही.