मावशी म्हणाली, बाहेरचं होतं

शनिवारी रात्री परळला मावशीकडे 'द एक्झॉर्सिस्ट' लावला होता. १९७३ चा सिनेमा. त्यातली बारा वर्षांची मुलगी आईवर हात उचलते, तिथे मावशी रिमोट शोधू लागली. "हे नुसतं सिनेमातलं नाही रे. गावाकडे एक पोरगी अशीच आईच्या अंगावर धावून जायची. बाहेरचं होतं."

मावशीने पाहिलं ते खोटं नसेल. चुकलं असावं ते फक्त आजाराचं निदान.

चांगलं हसतंखेळतं मूल. दोन दिवस ताप, डोकेदुखी. मग झोप उडते, मूल किंचाळतं, चावतं, बोलणं तुटत जातं, तोंड आपोआप वेडंवाकडं होतं, झटके येतात. या आजाराला अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस म्हणतात, एन्सेफलायटिस म्हणजे मेंदूची सूज. न्यूरॉलॉजिस्ट जोसेप डालमाऊ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तो नीट ओळखला.

आता हा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं निरोप घेणारं दार. मला तो भलताच आवडतो, तेव्हा थोडं सोसा. मेंदूतली एक पेशी ग्लुटामेट नावाचं निरोपाचं रसायन सोडते, ते पुढच्या पेशीवरच्या एनएमडीए रिसेप्टरवर बसतं. तरी दार उघडत नाही, कारण आतल्या नळीत मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा अडकलेला असतो. पुढच्या पेशीतला विद्युतभार आधीच बदललेला असेल तरच बूच निघतं आणि कॅल्शियम आत शिरतं. म्हणजे निरोप यायला हवा आणि घेणारा जागाही हवा. शिकणं आणि लक्षात राहणं बरंचसं या जुळणीवर चालतं. या आजारात एरवी जंतूंशी लढणाऱ्या शरीराच्याच अँटिबॉडी रिसेप्टरच्या 'ग्लुएन१' या भागाला चिकटतात. अँटिबॉडीला दोन हात असतात, त्यामुळे शेजारचे दोन रिसेप्टर एकमेकांना बांधले जातात आणि पेशी ती जोडगोळी पृष्ठभागावरून आत ओढून घेते. पेशी मरत नाही, दारं कमी होतात. केटामाइन हे भुलीचं औषध याच नळीत अडकतं आणि त्यानेही माणसाला भास होतात.

अँटिबॉडी हटल्या की दारं परत येतात. म्हणून स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, प्लाझ्मा बदलणं असे उपचार लवकर झाले तर बहुतेक रुग्ण सुधारतात, पण महिने जातात. काहींच्या, विशेषतः तरुण मुलींच्या, अंडाशयात गाठ सापडते. ती काढावी लागते. हे सगळं सोडून अंगारा लावण्यात गेलेला प्रत्येक आठवडा मुलाला महागात पडतो. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे. उलट बाजूने, मोबाइल काढून घेतला म्हणून आदळआपट करणाऱ्या पोराला कोणी न्यूरॉलॉजिस्टकडे पळवू नये.

सिनेमातले डॉक्टर मुलीच्या मेंदूत बिघाड शोधतात, चित्रं स्वच्छ येतात आणि मग पाद्रीबुवांची पाळी येते. मावशीला मी सांगितलं, या आजारात आजही एमआरआय कितीदा स्वच्छच येतो. अँटिबॉडी सापडतात त्या पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात.

"मग त्या पोरीचं पाणी काढलं होतं का?" मावशीने विचारलं. गोष्ट तिच्या लहानपणची. तेव्हा काढलं असतं, तरी त्यात काय शोधायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं.