अर्ध्या वॉटचा वॉकीटॉकी आणि पन्नास किलोमीटरचा दावा

मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या 13 कंपन्यांना नोटिसा धाडल्या. कारण होतं वॉकीटॉकी. सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, त्याला परवाना लागतो का, सरकारी मान्यता आहे का, यातलं काहीच न सांगता हे सेट खेळण्यांसारखे विकले जात होते. अशी बातमी आली की ट्रेकवाल्यांचे दोन प्रश्न ठरलेले: मग आता कुठला घ्यायचा, आणि जास्त वॉटचा कुठला? पहिला प्रश्न रास्त आहे. दुसऱ्याशी माझं भांडण आहे.

आधी कायद्याचं बघू. आपल्याकडे बिनपरवाना ट्रान्समीटर वापरणंच नव्हे, नुसता जवळ बाळगणंही 1933 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून गुन्हा आहे, आणि 2023 च्या दूरसंचार कायद्यानेही ते तत्त्व सोडलेलं नाही. सवलत ठरावीक फ्रिक्वेन्सी-पट्ट्यांपुरती. 2018 च्या नियमांनी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ हा चिंचोळा पट्टा परवान्यातून मोकळा केला. तिथे तुमच्या नावाचा परवाना नको, पण सेट मान्यताप्राप्त हवा. त्याआधीपासून 27 मेगाहर्ट्झच्या आसपासचा सिटिझन बँड मोकळा आहे, 5 वॉटपर्यंत. ऐकायला हा सौदा बरा वाटतो, पण तिथली तरंगलांबी 11 मीटर. नीट चालणारा पाव तरंगलांबीचा ॲन्टेना पावणेतीन मीटरचा होतो. तो हातात धरून रायगडाच्या पायऱ्या कोण चढणार? म्हणून आखूड, गुंडाळलेला ॲन्टेना लावतात आणि बरीचशी शक्ती उष्णता होऊन वाया जाते. याखेरीज स्वतःच्या नावाने परवाना काढून बोलायचं असेल तर हौशी माणसाला एकच वाट आहे, हॅम म्हणजे हौशी रेडिओची. तिच्याकडे शेवटी येतो.

अमेरिकेतून येताना कुणी भाऊ किंवा मावशी जोडीने मिळणारे सेट घेऊन येतात, त्यांबद्दल एक सूचना. तिथली बिनपरवाना एफआरएस सेवा आणि 35 डॉलर भरून, परीक्षा न देता, दहा वर्षांसाठी मिळणारी जीएमआरएस सेवा, दोन्ही 462 आणि 467 मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. न्यू जर्सीत जे कायदेशीर आहे ते नाशकात नाही. सेट तिकडेच राहू द्या.

आता वॉट. 446 च्या पट्ट्यातले सेट साधारण अर्ध्या वॉटचे असतात. युरोपात तर ती कायद्याचीच मर्यादा आहे. खोक्यावर मात्र दहा किलोमीटर, कधी पन्नास किलोमीटरसुद्धा छापलेलं असतं. प्रत्यक्षात सपाट रानात दोन किलोमीटरनंतर खरखर सुरू होते. मग गिऱ्हाईक म्हणतं, अर्धा वॉट कमी पडला, पाच वॉटचा बेकायदा का होईना, घेऊ. दहापट शक्ती, म्हणजे दहापट अंतर?

तसं होत नाही, आणि का होत नाही ही मला रेडिओतली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

मोकळ्या अवकाशात लहर पसरत जाते. अंतर दुप्पट झालं की शक्ती चौथाई होते, हे शाळेत शिकलो आहोत. पण आपण अवकाशात नसतो, जमिनीवर उभे असतो. तुमच्या सेटमधून निघालेली लहर मित्राकडे दोन वाटांनी पोचते. एक सरळ, दुसरी मधल्या जमिनीवर आपटून. अंतर जास्त असलं की ही दुसरी लहर जमिनीला जवळजवळ घासून जाते, आणि अशा अगदी तिरक्या परावर्तनात लहर उलटी होते: जिथे शिखर होतं तिथे दरी येते. म्हणजे मित्राच्या ॲन्टेनावर एक सुलटी आणि एक उलटी, जवळपास सारख्याच ताकदीच्या दोन लहरी एकदम येतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात.

पूर्ण खात नाहीत, कारण जमिनीवरून आलेली वाट किंचित लांब असते. किती? दोन्ही सेट दीड मीटर उंचीवर आणि अंतर दोन किलोमीटर धरा. दोन वाटांतला फरक येतो सव्वादोन मिलिमीटर! 446 मेगाहर्ट्झची तरंगलांबी 67 सेंटिमीटर आहे. 67 सेंटिमीटरच्या लहरीत सव्वादोन मिलिमीटरचा घोळ. त्यामुळे वजाबाकीनंतर उरते ती मूळ लहरीच्या उंचीच्या फक्त दोन टक्के. तुमचं सगळं संभाषण या उरलेल्या दोन टक्क्यांवर चालतं.

आता अंतर दुप्पट करा. लहर पसरल्यामुळे तिची उंची निम्मी झाली. शिवाय वाटांतला फरकही निम्मा झाला, म्हणून उरणारी शिल्लकही निम्मी. एकूण उंची चौथाई, आणि शक्ती उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती एक सोळांश. अंतराच्या चौथ्या घाताने शक्ती घटते. उलट बाजूने हिशेब मांडला तर दहापट वॉट ओतून अंतर वाढतं ते दहाच्या चतुर्थमूळाइतकं, म्हणजे पावणेदोन पट. बॅटरी मात्र आपला वाटा पुरेपूर वसूल करते.

पण याच सूत्रात सेटची जमिनीपासूनची उंचीही बसलेली आहे. वाटांतला फरक दोन्ही सेटच्या उंचींच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. एकाने आपला सेट दीड मीटरवरून तीन मीटरवर नेला, मोठ्या खडकावर उभं राहून म्हणा, तर शिल्लक लहर दुप्पट, शक्ती चौपट. अर्ध्या वॉटचा सेट फुकटात दोन वॉटचा झाला. तोच माणूस आसपासच्या सपाटीपेक्षा तीस मीटर उंच टेकाडावर चढला तर उंची वीसपट, शक्ती चारशेपट. दोनशे वॉटच्या सेटची बरोबरी! (गणिताची आवड असलेल्यांनी एक गंमत ताडून पाहावी: या सूत्रातून तरंगलांबी पूर्ण गळून पडते. लांब लहरीत वजाबाकीची शिल्लक कमी उरते, पण तिचा मोठा ॲन्टेना तेवढीच जास्त शक्ती गोळा करतो.)

आणि दोघंही उंचावर असले तर? सिंहगडावरून राजगड दिसतो, सरळ रेषेत साधारण 15 किलोमीटर. लहरीला नुसती नजरेची रेषा मोकळी असून पुरत नाही, तिच्याभोवती एक लांबट फुगीर जागा मोकळी लागते, आणि या अंतराला मध्यावर तिची त्रिज्या येते पन्नासेक मीटर. इथे खाली दऱ्याखोरी असल्याने ती सहज मिळते. घासून परावर्तन करणारं सपाट मैदानही नाही. त्यामुळे चौथ्या घाताचा कायदा सुटतो आणि शाळेतला वर्गाचा कायदा लागू होतो. हिशेब केला तर राजगडावरच्या सेटला मिळते साधारण सहा पिकोवॉट शक्ती. एका वॉटचे लाख कोटी तुकडे करून त्यातले सहा. क्षुल्लक वाटते, पण चांगल्या रिसीव्हरच्या गरजेपेक्षा ती हजारो पट जास्त आहे. म्हणजे खोक्यावरचा दहा किलोमीटरचा आकडा अगदीच खोटा नव्हे. तो दोन माथ्यांवर उभ्या असलेल्या दोघांसाठी आहे, एवढंच छापायचं राहून जातं. पन्नासचा आकडा छापणाऱ्याच्या मनात कोणते डोंगर होते, ते त्यालाच ठाऊक. माथ्यावरचे हेच दोघं राजगडाच्या आड वेगवेगळ्या घळींत उतरले की अर्धा किलोमीटरसुद्धा अवघड, आणि तिथे पाच वॉटही फारसे कामी येत नाहीत.

वॉटचा विषय निघाला की रेडिएशनची भीती घालणारेही येतात, त्यांचं इथेच सांगून टाकतो. 2020 मध्ये राष्ट्रीय कामधेनु आयोगाच्या अध्यक्षांनी शेणापासून बनवलेली चिप मोबाईलचं रेडिएशन कमी करते असं पत्रकारांपुढे जाहीर केलं होतं. समजा, एखादी वस्तू खरंच लहरी अडवू लागली. मोबाईल काय करेल? टॉवरशी संपर्क कमजोर झाला असं समजून आपली शक्ती वाढवेल. तशी सोय त्यात असतेच. म्हणजे चिप निकामी असली तर पैसे वाया, आणि कामाची असली तर उलटा परिणाम.

आता हॅम. इथे तुम्ही दूरसंचार विभागाची परीक्षा देता, कॉल साइन, म्हणजे रेडिओवरची तुमची ओळख, मिळते, आणि 144 ते 146 व 434 ते 438 मेगाहर्ट्झसह बरेच पट्टे खुले होतात. वय बारा पूर्ण असलं की परीक्षा देता येते, आणि परवान्याच्या खालच्या, रिस्ट्रिक्टेड वर्गाला मोर्स ही ठिपके-रेषांची लिपी लागत नाही. मोठा फायदा वॉटचा नाही, पुन्हा उंचीचाच: डोंगरावर बसवलेला रिपीटर तुमचा अशक्त आवाज वर झेलतो आणि तिथून पुन्हा सोडतो. जुलै 2025 मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकातून शाळकरी मुलांशी बोलले तेही हॅम रेडिओवरूनच. चारशे किलोमीटर उंचीवरून येणारा स्थानकाचा आवाज हातातल्या साध्या सेटवर ऐकू येतो, कारण मध्ये ना जमीन, ना डोंगर. 2004 च्या त्सुनामीत अंदमानचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला तेव्हा पोर्ट ब्लेअरमधून निरोप पोचवणाऱ्या भारती प्रसाद याही हॅमच.

पण हॅमचा परवाना व्यक्तीला मिळतो, कुटुंबाला नाही. अमेरिकेत एक जीएमआरएस परवाना घरातल्या सगळ्यांना पुरतो. इथे तुम्ही पास झालात आणि बायको झाली नाही, तर तिच्याशी हॅम पट्ट्यावर गप्पा बंद. धंद्याचं बोलणंही चालत नाही, म्हणजे पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांनी तिकडे पाहूच नये. आणि परीक्षा, पोलीस पडताळणी, कागदपत्रं यांत महिने जातात. येत्या पावसाळ्यातल्या ट्रेकसाठी हॅम व्हायला निघालेल्याला मी परावृत्तच करतो. रेडिओ हाच छंद व्हावा असं वाटत असेल तर मात्र जरूर व्हा.

सहा-आठ जणांच्या घरगुती टोळीने 446 चे मान्यताप्राप्त सेट घ्यावेत. विकणाऱ्याकडे मान्यतेचा क्रमांक मागावा, तो देत नसेल तर दुकान बदलावं. वाट डोंगराआड जाणार असेल तिथे एकाला खिंडीत बसवावं, दोन्हीकडचे निरोप तो तोंडी पुढे देईल. हा रिपीटर फक्त चहावर चालतो. आणि सेटवर 'प्रायव्हसी कोड' असं बटण असलं तरी त्या भरवशावर घरची भांडणं करू नयेत. तो कोड म्हणजे आवाजाखाली मिसळलेला एक मंद सूर असतो. तो दुसऱ्यांचं बोलणं तुमच्या कानापर्यंत येऊ देत नाही. तुमचं बोलणं शेजारच्या तंबूतला कुणीही ऐकू शकतो.