छातीतल्या पाण्यामागचा कॅन्सर: मेसोथेलिओमाची स्टेज कशी ठरू लागली

विदर्भातल्या खेड्यात कुणाच्या छातीत पाणी झालं की पहिला संशय टीबीचा येतो, आणि तो रास्तच आहे. सुईनं पाणी काढतात, तपासायला पाठवतात, गोळ्या सुरू होतात. बहुतेकांना गुण येतो. पण एखाद्याचं पाणी काढलं की पुन्हा भरतं, दम वाढत जातो, बरगडीत दुखणं थांबत नाही. मग नागपूर किंवा सेवाग्राम गाठावं लागतं, फुफ्फुसाच्या आवरणाचा तुकडा काढून तपासतात आणि क्वचित रिपोर्टवर मेसोथेलिओमा, म्हणजे या आवरणाचाच कॅन्सर, हे नाव येतं. घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टरसाहेब, कितवी स्टेज आहे?"

या आजाराचा ॲस्बेस्टॉस या धागेदार खनिजाशी असलेला संबंध ठसठशीतपणे पुढे आला तो 1960 मध्ये. दक्षिण आफ्रिकेतल्या वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाणपट्ट्यातल्या 33 पेशंटांची नोंद मांडली. त्यांत खाणीत कधीही न उतरलेले, नुसते जवळपास राहिलेले लोकही होते. ॲस्बेस्टॉसचा धागा छातीत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत 20 ते 40 वर्षं, कधी त्याहून जास्त जातात. म्हणून गावी परतलेल्या म्हाताऱ्याला आज काय करता हे विचारून भागत नाही. तरुणपणी पत्र्याच्या कारखान्यात, वीज केंद्रातल्या वाफेच्या नळ्यांवर किंवा जहाजतोडणीत काम केलं का, हे विचारावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून 40 वर्षं किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोवर, जपायला सांगितलं ते याचसाठी. कंत्राटी मजुराच्या हाती मात्र कामाचा कागदच नसतो.

स्टेजची पहिली ठळक मांडणी 1976 ची, ब्रिटिश सर्जन एरिक बुचार्ट यांची. त्यांनी 29 पेशंटांचं फुफ्फुस आवरणासकट काढलं होतं. त्यांतले 9 जण ऑपरेशनच्या धक्क्यातच दगावले. ऑपरेशन कुणाला सोसेल आणि कुणाला त्याचा उपयोग होईल, या निकडीतून चार पायऱ्या आखल्या गेल्या. एका बाजूच्या आवरणापुरता, फुफ्फुस, हृदयाचं आवरण किंवा छाती-पोटामधल्या पडद्यापर्यंत गेलेला आजार पहिला. छातीच्या भिंतीत किंवा दोन फुफ्फुसांच्या मधल्या भागात शिरलेला दुसरा, पडदा भेदून पोटात उतरलेला तिसरा, रक्तावाटे दूर गेलेला चौथा.

पुढे 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं इतर कॅन्सरसारखी टीएनएम पद्धत इथेही आणली: मूळ गाठ, लसिकाग्रंथी आणि दूरवरचा प्रसार, तिन्हींची वेगळी नोंद. अडचण 'टी'ची, म्हणजे मूळ गाठीची होती. स्तनाची गाठ सेंटिमीटरमध्ये मोजता येते. हा आजार भिंतीला ओल चढावी तसा आवरणावर पसरतो. मोजायचं काय? त्यामुळे नेमकं चित्र बऱ्याचदा छाती उघडल्यावरच कळायचं, आणि आपल्याकडे बहुतेकांचं ऑपरेशन होतच नाही.

या टीएनएम पद्धतीच्या आठव्या आवृत्तीनं, म्हणजे 2018 च्या सुमारास, एक मोठा बदल केला. दूर न पसरलेला पण छातीतच फार पुढे गेलेला, काढता न येणारा आजार पूर्वी चौथ्या स्टेजमध्ये धरत. तो आता 3बी, म्हणजे तिसऱ्या स्टेजचा पुढचा भाग झाला. चौथी स्टेज फक्त दूर पसरलेल्या आजाराची. जुन्या आणि नव्या कागदांवरचे आकडे जुळले नाहीत तर पेशंट सुधारला असं समजू नये.

सध्याची नववी आवृत्ती मला सर्वांत मोलाची वाटते. तीत सीटी स्कॅनवर छातीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या पातळीवर आवरणाची जाडी मिलिमीटरमध्ये मोजून तिन्हींची बेरीज करतात. 12 आणि 30 मिलिमीटर या त्यातल्या सीमारेषा. फुफ्फुसाच्या खाचेतली जाडीही पाहतात. चिरफाड न करता 'टी' ठरवण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न आहे. ऑपरेशनचा भरवसाही दरम्यान डळमळला: 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत केमोसोबत ऑपरेशन केलेल्यांचं आयुष्य नुसत्या केमोपेक्षा वाढलं नाही.

स्टेजइतकंच वजन पेशींच्या प्रकाराला आहे. एपिथेलिऑइड प्रकार तुलनेनं सौम्य, सार्कोमॅटॉइड जहाल. पोटाच्या आवरणातल्या मेसोथेलिओमाला ही छातीची मोजपट्टी लागू होत नाही. गावाहून नागपूरला निघताना म्हणून सीटीची सीडी, बायोप्सीचा (काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा) रिपोर्ट आणि त्याचे स्लाइड-ब्लॉक (काचपट्ट्या आणि मेणात जपलेला तुकडा) सोबत घ्यावेत. ब्लॉक हाताशी असला तर बऱ्याचदा दुसऱ्यांदा तुकडा काढावा लागत नाही.